सोनौलीच्या अलीकडे

लुंबिनीला जायचं होतं ते माझ्या बायकोला. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला माणूस. नागपुरात इंदोऱ्यातलं घर, सकाळचा पेपर आणि संध्याकाळी विहारापर्यंतची फेरी एवढ्यावर माझं भागत होतं. ती कामठीची, आणि तिला फिरायची भारी हौस. विहारातल्या बायकांबरोबर बसने बोधगया, सारनाथ, कुशीनगर सगळं करून आली होती. लुंबिनी तेवढी राहिली. त्यांची बस सोनौलीला, म्हणजे उत्तर प्रदेशातल्या नेपाळ सीमेवरच्या गावाला पोचली, तेव्हा पलीकडच्या निवडणुकीसाठी सीमा बंद ठेवलेली होती. बायकांनी फाटकाशी उभं राहून पलीकडे हात जोडले आणि बस मागे वळली. घरी आल्यावर ती कितीतरी दिवस तेच सांगत होती. पलीकडची दुकानं दिसत होती, दुकानात टांगलेली केळी दिसत होती, आणि जाता येत नव्हतं.

आमचा एकुलता एक मुलगा तेव्हा ऑस्ट्रेलियात शिकत होता. त्याचा पासपोर्ट निघायचा होता तेव्हा चौकशीला पोलीस घरी आला होता. हिने त्याला पोहे दिले, चहा दिला, शेजारच्या दोघांना साक्षीला बोलावलं, आणि मुलगा किती भला आहे हे स्वतःच इतकं सांगितलं की साक्षीदारांना बोलायला काही उरलंच नाही. पुढे शिक्षण संपलं आणि त्याला तिकडेच नोकरी लागली. आम्ही पेढे वाटले. हा आता परत येतो की नाही, हा विचार त्या दिवशी आम्हा दोघांच्याही मनात आला असणार.

मग हिला कावीळ झाली म्हणून दवाखान्यात नेलं, आणि निघाला स्वादुपिंडाचा कॅन्सर.

नेमका त्याच सुमारास मुलाचा जुना व्हिसा संपलेला होता आणि नवा मंजूर व्हायचा होता. अशा वेळी तिकडचं सरकार मधल्या काळापुरता एक व्हिसा देतं. त्यावर तिथं राहता येतं, कामही करता येतं, पण देशाबाहेर पाऊल टाकलं की तो संपतो. बाहेर जाऊन परत यायचं असेल तर आधी वेगळी परवानगी मागावी लागते. मुलाने ती मागितली. दवाखान्याच्या कागदांचे फोटो काढून मी पाठवत होतो आणि तो ते पुढे जोडत होता. मधेच त्याला वाटायचं, नोकरी गेली खड्ड्यात, सरळ निघून यावं. त्याची आई फोनवर त्याला अडवायची. म्हणायची, "कागद होऊ दे बाबू, मग ये. मी काय पळून राहिली?"

परवानगीचा मेल आला तेव्हा आमच्या घरी हिच्या पुण्यानुमोदनाची तयारी चालली होती. आईचे अंत्यसंस्कार त्याने मोबाइलवर पाहिले. मोबाइल माझ्या मेव्हण्याने धरला होता. चित्र सारखं हलत होतं, असं मुलाने पुढे मला एकदाच सांगितलं. तो आला, आठवडाभर राहिला, आईचं कपाट उघडून त्यापुढे नुसता उभा राहिला आणि परत गेला.

त्यानंतरची वर्षं कशी गेली ते सांगण्यासारखं फार नाही. मी स्वयंपाक शिकलो. वरण जमायला लागलं, पोळ्या आजही जमत नाहीत. एकदा शेजारच्या काकू गच्चीवरून म्हणाल्या, "तुमचा टीव्ही सकाळी लागला का आम्हाले समजते, भाऊ उठले म्हणून." त्या सहज बोलल्या होत्या. पण तेव्हापासून पाहायचं काही नसलं तरी मी सकाळी टीव्ही लावतो.

मुलाचा रविवारी फोन यायचा. तिकडे त्याची दुपार असायची, इकडे माझा चहा व्हायचा असायचा. तो विचारायचा गोळ्या घेता का, मी विचारायचो थंडी आहे का. असाच एका रविवारी तो म्हणाला की हिवाळ्यात सुट्टी मिळते आहे, आईचं राहिलेलं आपण दोघं करून येऊ. मला ते खरं वाटेना. दुसऱ्याच दिवशी मी सदरला एका ओळखीच्या एजंटाकडे जाऊन गोरखपूरची रेल्वेची तिकिटं काढून आणली.

तो आला. अंगाने भरला होता, कानाशी दोनचार केस पांढरे दिसत होते. गाडीत आम्ही समोरासमोरच्या बर्थवर बसलो. मी झुणका करून घेतला होता आणि पोळ्या शेजारच्या काकूंनी दिल्या होत्या. इटारसीच्या पुढे तो एकदा म्हणाला, "बाबा, तुम्हाले एक सांगायचं होतं." तेवढ्यात तिकीट तपासनीस आला, मग चहावाला आला, आणि ते राहून गेलं. मीही पुन्हा विचारलं नाही. वाटलं, लग्नाचं असेल, सांगेल आपण होऊन.

गोरखपूरला उतरून आम्ही जीपने सोनौलीला गेलो. तिथं सीमा म्हणजे ट्रकांची न संपणारी रांग, दोन्ही बाजूंना दुकानं, आणि मधे रस्त्यावरचं फाटक. माणसं डोक्यावर गाठोडी घेऊन, सायकली हातात धरून चाललेली. आठवडी बाजाराला निघाल्यासारखी. भारतीय माणसाला नेपाळात जायला व्हिसा लागत नाही, हे मी आधीच विचारून ठेवलं होतं. जवानाने माझं मतदार ओळखपत्र पाहिलं, कुठले म्हणून विचारलं आणि पुढे जा अशी मान हलवली. मी चार पावलं पुढे गेलो आणि मागे वळून पाहिलं. मुलगा मागेच होता. जवान त्याला रस्त्याकडेच्या एका बैठ्या ऑफिसकडे बोट दाखवत होता.

मी परत आलो. म्हटलं, हा परदेशातून आलेला आहे, त्याची नोंद करायची असेल. ऑफिसात टेबलामागे एक मध्यमवयीन अधिकारी बसला होता, फार अदबीने बोलणारा. मुलाने पासपोर्ट त्याच्या हातात दिला. निळा पासपोर्ट, आपल्याकडे असतो तसाच. अधिकाऱ्याने तो उघडून पानं चाळायला घेतली तेव्हा त्याचं वरचं पान माझ्याकडे आलं. त्यावर सोनेरी रंगात एक कांगारू होतं आणि एक उंच मानेचा पक्षी. मला आधी वाटलं, वरून घातलेलं कव्हर असेल. हल्ली मुलं मोबाइलला घालतात तसं.

अधिकाऱ्याने विचारलं, हे तुमच्यासोबत आहेत का. मुलगा म्हणाला, माझे वडील आहेत. अधिकाऱ्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि नोंद वाचावी तसं म्हणाला, "पिताजी भारतीय, बेटा विदेशी."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. जे होतं ते त्याने सांगितलं. मी बाजूच्या बाकावर बसलो.

मग अडचण कळली. मुलगा भारतात आला होता तो ऑनलाइन काढलेल्या ई-व्हिसावर. त्या व्हिसावर देशाबाहेर पडायला सोनौली चालत होतं, पण पुन्हा आत यायचं तर नेमून दिलेल्या विमानतळांवरूनच यावं लागत होतं. नेपाळने त्याला तिथल्या तिथे व्हिसा दिला असता, दुपारपर्यंत आम्ही लुंबिनीत असतो. पण संध्याकाळी परत येताना मी फाटकातून आत आलो असतो आणि तो पलीकडे राहिला असता. त्याला काठमांडूला जाऊन तिथून विमानाने दिल्ली गाठावी लागली असती. तेवढी सुट्टी त्याच्याकडे उरलेली नव्हती. आता काही नाक्यांसाठी हे नियम सैल झाले आहेत असं ऐकतो. तेव्हा तरी असे होते. अधिकाऱ्याने ते दोनदा समजावून सांगितलं आणि पासपोर्ट दोन्ही हातांनी परत दिला.

आम्ही बाहेर येऊन एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. समोरून ट्रक हळूहळू सरकत होते.

"गाडीत सांगणार होतो," तो म्हणाला.

"केव्हा झालं?"

"उन्हाळ्यात. तुमच्या उन्हाळ्यात."

मी विचारलं की तेव्हा काही म्हणावं लागतं का. शपथ असते, तो म्हणाला. सभागृहात बोलावतात, सगळ्यांनी मिळून म्हणायची असते, मग एक लहानसं रोपटं देतात. मी विचारलं, सोबत कोण होतं. ऑफिसातल्या दोघांनी यायचं कबूल केलं होतं, पण त्यांना जमलं नाही, असं त्याने सांगितलं. बाकीच्या लोकांची घरची माणसं आलेली होती, फोटो काढत होती. त्याचा फोटो एका अनोळखी बाईने काढून दिला.

मला राग यायला हवा होता असं वाटतं. पण डोळ्यांसमोर ते सभागृह आलं, हातात रोपटं घेऊन उभा असलेला आमचा मुलगा आला, आणि रागाला जागा राहिली नाही.

मी म्हटलं, चल, परत जाऊ. तर तो ऐकेना.

"आई इथूनच परत गेली होती," तो म्हणाला. "तुम्ही नका जाऊ. जाऊन या, मी इथं थांबतो."

मी गेलो. कोणी अडवलं नाही, काही विचारलं नाही. पलीकडे एका जीपमध्ये लुंबिनीच्या सवाऱ्या भरत होत्या, तीत खिडकीशी बसलो. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना मोहरी फुललेली. थोडं पुढे गेल्यावर त्याला सांगावं म्हणून फोन काढला, तर नेटवर्क नव्हतं. माझं कार्ड तिकडे चालत नव्हतं. लोकांचे फोन जोडून देण्यात माझी सगळी नोकरी गेली, आणि थोड्याच अंतरावर थांबलेल्या मुलाशी मला बोलता येत नव्हतं.

लुंबिनीला मायादेवीच्या मंदिरात जन्मस्थानाचा दगड काचेखाली ठेवलेला आहे. रांग हळू सरकते, पण दगडासमोर थांबू देत नाहीत. मी थांबलो तेवढ्यात मागच्या बाईचा हात पाठीला लागला आणि मी पुढे झालो. बाहेर पुष्करणीच्या काठाला मोठा पिंपळ आहे, त्याला रंगीत पताका बांधलेल्या. पांढऱ्या कपड्यांतली परदेशी माणसं मांडी घालून बसली होती. मीही बसलो. त्रिशरण-पंचशील म्हटलं. हिच्यासाठी काही मनात आणावं म्हणून डोळे मिटले, तर मनात आलं ते असं की आता कोणाला तरी म्हणावं, पाहा, आलो एकदाचे. शेजारी एक श्रीलंकेचं कुटुंब होतं. त्यातल्या मुलीने खुणेने विचारलं, फोटो काढून देता का. मी काढून दिला. मग तिने माझा फोन मागितला आणि मला पिंपळाखाली उभं केलं. त्या फोटोत माझ्या डाव्या बाजूला बरीच मोकळी जागा सुटलेली आहे. तिला वाटलं असेल, कोणी येऊन उभं राहणार आहे.

लोक म्हणतात तिथं शांत वाटतं. मला लवकर परत जावंसं वाटलं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा जीपने मला फाटकाशी सोडलं. तो अलीकडच्या बाजूला, सकाळी होता तिथंच, रस्त्याच्या कडेला उभा होता. मला पाहून त्याने हात वर केला. लहानपणी शाळा सुटल्यावर मी त्याला घ्यायला जायचो तेव्हा तो असाच हात वर करायचा. मी मधला रस्ता ओलांडून आलो. त्याने विचारलं, कसं होतं. मी म्हटलं, बरं होतं, गर्दी होती. आई आली असती तर फार बोलली असती, असंही म्हटलं. तो हसला आणि त्याचे डोळे भरून आले.

रात्रीची गाडी नव्हती म्हणून गावातल्या एका लॉजवर राहिलो. मालकाने माझं नाव एका ओळीत लिहून घेतलं. मुलासाठी मात्र परदेशी पाहुण्याची वेगळी माहिती पोलिसांना कळवावी लागते, म्हणून त्याला पासपोर्ट, व्हिसा, इथून कुठे जाणार, सगळं विचारत बसला. भारतातला पत्ता विचारला तेव्हा मुलाने आमच्या घराचा पत्ता सांगितला. मालकाने विचारलं, वहाँ कौन है. मुलगा म्हणाला, घर है.

खोलीत आल्यावर त्याने दोघांसाठी चहा मागवला आणि आपण होऊन बोलायला लागला. आई गेली तेव्हा परवानगीची वाट पाहत तो नवीन मेल आला का म्हणून सारखा फोन उघडून पाहत होता. ऑफिसात, बसमध्ये, अंथरुणात. तेव्हाच त्याने ठरवलं होतं की पुन्हा अशी कोणाची वाट पाहायची नाही. त्या देशाचं नागरिकत्व मिळालं की बाहेर पडायला कोणाला विचारावं लागत नाही आणि परत आत जायलाही नाही.

"तुमच्या वेळी मले येता आलं पाहिजे," तो म्हणाला. "म्हणून घेतलं. सांगायची हिंमत नाही झाली."

मला हे समजायला थोडा वेळ लागला. इकडे येता यावं म्हणून त्याने इकडचा पासपोर्ट सोडला होता. चहा निवला होता, तरी मी तो पिऊन घेतला.

"माझी वेळ यायची आहे अजून," मी म्हटलं. "तू तिच्या आधी येत जा."

तो हो म्हणाला.

नागपूरला परतल्यावर त्याच्याकडे दोनच दिवस होते. एक दिवस कामठीला मामाकडे गेला. दुसऱ्या दिवशी महालातल्या बाजारात जाऊन मित्रांसाठी काहीबाही खरेदी केली. त्याने जुना भारतीय पासपोर्ट मला दाखवला. तो रद्द झाल्याचा शिक्का त्यावर होता. त्यातला फोटो दहावीतल्या पोरासारखा दिसत होता. मी विचारलं, हा तुला ठेवायचा आहे का. तो म्हणाला, हो, पुढच्या कार्डासाठी लागेल.

ते कार्ड पुढे त्याला मिळालं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना देतात ते, आयुष्यभर येण्याजाण्यासाठी. आता त्याला कुठलाही व्हिसा काढावा लागत नाही, कुठल्याही नाक्यावर कोणी थांबवत नाही. ज्या दिवशी ते हातात पडलं त्या दिवशी त्याने फोनवर कॅमेऱ्यासमोर धरून दाखवलं. आता केव्हाही, तो म्हणाला.

मधे त्याने तिकडेच लग्न केलं, आणि मीही एकदा त्याच्याकडे जाऊन आलो. तीन महिन्यांच्या व्हिसावर. त्यासाठी घराच्या कराची पावती आणि पेन्शनचे कागद जोडले, म्हणजे मी परत येईन याची त्यांना खात्री पटावी. मुलाला अंबाडीची भाजी फार आवडते, तिकडे मिळत नाही, म्हणून मी अंबाडीचं बी बांधून नेलं होतं. विमानतळावर तसं लिहूनही दिलं. तिथल्या बाईने पुडी हातात घेऊन वास घेतला, माफी मागितली आणि बाहेरचं बियाणं चालत नाही म्हणत डब्यात टाकली. मुलाने माझं सगळं चांगलं केलं. पण तो आणि त्याची बायको सकाळी कामाला जायचे आणि दिवसभर मी त्या नीटनेटक्या घरात खिडकीशी बसायचो. बाहेर रस्त्यावर माणूस दिसायचा नाही. एकटंच बसायचं तर आपल्या घरी बसावं असं वाटून मी मुदतीच्या आधीच परत आलो.

त्याचं कार्ड आल्यानंतर तो एकदा आला, चार दिवसांसाठी. पुढच्या वर्षी प्रोजेक्ट होता. त्याच्या पुढच्या वर्षी घराचं कर्ज घेतलं आणि सुट्टी बायकोच्या बाळंतपणासाठी राखून ठेवली. यंदाही त्याचं नक्की नाही. रविवारचा फोन मात्र चुकत नाही. नातू कॅमेऱ्यात हात घालायला पाहतो आणि सगळं चित्र त्याच्या तळहाताने भरून जातं.

दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीला येणारे गावाकडचे नातेवाईक माझ्याकडे उतरतात, तेव्हा तीन-चार दिवस घर भरलेलं असतं. यंदा ते गेल्यावर मी गाद्या गच्चीवर उन्हात टाकत होतो. शेजारच्या काकू पलीकडून वाळवण गोळा करत होत्या. त्यांनी विचारलं, मुलगा आता तिकडचाच झाला म्हणे. मी म्हटलं, कागदावर झाला. त्याला इकडे यायला आता कोणाला विचारावं लागत नाही.

"मंग येत काहून नाही?" त्या म्हणाल्या.

त्यांनी सरळ विचारलं होतं. मी गादीची दुसरी बाजू उन्हाला केली आणि म्हटलं, येईल.